बुद्धिबळाची कोडी आणि ती रचणारे

बुद्धिबळाचा डाव आणि बुद्धिबळाचे कोडे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. डावात दोघे समोरासमोर बसतात, चुका होतात, घड्याळ चालू असते आणि शेवटी कोणीतरी हरते. कोड्यात मोहरी अगोदरच मांडलेली असतात आणि खाली एक ओळ असते : 'पांढऱ्याची खेळी, तीन चालींत मात'. समोर प्रतिस्पर्धी नसतो. असतो तो कोडे रचणारा, आणि तो बहुधा दुसऱ्या गावात, पुष्कळदा दुसऱ्या शतकात. काळ्याने कोणतीही चाल केली तरी मात झालीच पाहिजे, आणि पांढऱ्याची पहिली चाल एकच असली पाहिजे. दुसऱ्या एखाद्या चालीनेही मात होत असेल तर कोडे बाद. भूमितीच्या प्रमेयाला आपण जी कसोटी लावतो तीच ही कसोटी आहे.

हा विषय शिक्षकांपुढे ठेवण्याचे कारण सांगतो. आमच्या विदर्भात सध्या बुद्धिबळाचे वारे आहे. नागपूरच्या दिव्या देशमुखने २०२५ साली महिलांचा विश्वचषक जिंकला आणि वर्धा, हिंगणघाट, आर्वीकडच्या पालकांनाही वाटू लागले की शाळेत पट हवा. पट येतात, स्पर्धा होतात. पण चाळीस मुलांच्या वर्गात चार-पाच मुले पुढे जातात आणि उरलेली दोन-तीनदा हरल्यावर पट मिटवून ठेवतात. जी मुले पट मिटवतात त्यांचे काय, हा प्रश्न आम्हांला जास्त महत्त्वाचा वाटतो. कोड्यात हरणे नसते. एक कोडे आठवडाभर चालते, चौघांत मिळून सोडवता येते, आणि 'उत्तर आले' एवढ्यावर न थांबता 'हेच उत्तर का' हे विचारावे लागते. गणिताच्या तासाला जो प्रश्न विचारायला आपल्याला वेळ उरत नाही तो इथे आपोआप येतो.

आता थोडा इतिहास, आणि तो घरापासूनच सुरू करू.

पैठणचे एक भट्ट घराणे सोळाव्या शतकात काशीला जाऊन स्थायिक झाले. या घराण्यातील नीलकंठ भट्ट यांनी सतराव्या शतकात 'भगवंतभास्कर' हा बारा मयूखांचा मोठा ग्रंथ रचला. त्यातला 'व्यवहारमयूख' पुढे इंग्रजी अमदानीत मुंबई इलाख्याच्या न्यायालयांत हिंदू कायद्याचा आधार मानला गेला, त्यामुळे वकिलांना नीलकंठ माहीत असतात. १६७४ साली शिवाजी महाराजांना राज्याभिषेक करणारे गागाभट्ट हे यांचेच चुलत पुतणे. याच ग्रंथाच्या 'नीतिमयूख' या भागात, राजाने काय करावे हे सांगता सांगता, नीलकंठ बुद्धिबळाकडे वळतात आणि घोड्याच्या फेऱ्याची उत्तरे श्लोकांतून देतात. एकोणिसाव्या शतकात जर्मन संस्कृतज्ञ आल्ब्रेख्त वेबर यांनी हा भाग युरोपातील अभ्यासकांपुढे आणला.

घोड्याचा फेरा म्हणजे अडीच घरांच्या चालीने घोड्याने पटावरील चौसष्टही घरांवर जायचे, एकाही घरावर दुसऱ्यांदा पाय ठेवायचा नाही. शेवटच्या घरावरून एका उडीत पहिल्या घरावर परत येता आले तर तो बंद फेरा. मात नाही, शत्रू नाही, फक्त एक घोडा. तरीही कोड्यांच्या जगातले हे सर्वांत जुने कोडे. नवव्या शतकात काश्मीरच्या रुद्रटाने 'काव्यालंकारा'त याच्यावर एक कवितेची करामत केली आहे. अनुष्टुभ छंदात ३२ अक्षरे असतात, म्हणजे बरोबर अर्धा पट. रुद्रटाने असा श्लोक रचला की तो सरळ वाचला काय किंवा घोड्याच्या उड्यांनी वाचला काय, अक्षरे तीच लागतात. बाराव्या शतकातला चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या 'मानसोल्लासा'तही बुद्धिबळाचे प्रकरण आहे. युरोपात ऑयलर या गणितज्ञाने या फेऱ्यावर गणिती निबंध लिहिला तो १७५९ साली. कोण आधी, कोण नंतर याचा अभिमान बाळगण्यात आम्हांला फारसा रस नाही. कवी, धर्मशास्त्री आणि गणितज्ञ अशा तिघांनाही एकाच कोड्याने पकडले, ही गोष्ट मात्र रोचक आहे.

वर्गात हे कोडे चौसष्ट घरांवर देऊ नये, मुले कंटाळतात. तीन ओळी आणि चार स्तंभांच्या छोट्या पटावर द्यावे. एक उत्तर असे :

१ ४ ७ १०
१२ ९ २ ५
३ ६ ११ ८

आकड्यांच्या क्रमाने घोडा फिरवून पाहा. मग पाच बाय पाचचा पट द्या आणि वर्गाचे दोन गट करा. एका गटाने कोपऱ्यापासून सुरुवात करायची, दुसऱ्याने कोपऱ्याला लागून असलेल्या घरापासून. पहिल्या गटाला प्रयत्नांती उत्तर सापडेल. दुसऱ्या गटाला कधीच सापडणार नाही, आणि ते का हे समजावणे हाच खरा धडा. पट काळ्या-पांढऱ्या घरांचा रंगवा. घोडा प्रत्येक उडीत रंग बदलतो. एकूण घरे २५, त्यांपैकी कोपऱ्यांच्या रंगाची १३ आणि दुसऱ्या रंगाची १२. रंग आलटून पालटून येणार असतील तर तेरा घरांच्या रंगानेच सुरुवात झाली पाहिजे आणि त्याच रंगाने शेवट. कोपऱ्याशेजारचे घर बारांपैकी आहे. झाले! एकही फेरा प्रत्यक्ष न काढता, सगळे प्रयत्न फसणार हे आपण सिद्ध केले. सातवीच्या मुलाला अशक्यतेची सिद्धता याहून सोप्या रीतीने कशी दाखवावी हे आम्हांला माहीत नाही. याच युक्तिवादाने विषम घरांच्या कोणत्याही पटावर बंद फेरा अशक्य ठरतो, ते मुलांनाच काढू द्यावे.

मोठ्या पटासाठी १८२३ साली वार्न्सडॉर्फ या जर्मन गृहस्थाने सांगितलेला एक नियम उपयोगी पडतो : ज्या घरावरून पुढे जायच्या वाटा सर्वांत कमी, त्या घरावर आधी जा. म्हणजे अडचणीची घरे अगोदर उरकून घ्या. आठ बाय आठच्या पटावर बंद फेरे किती, याचे उत्तर १९९७ साली संगणकाने मिळाले. फेऱ्याची दिशा लक्षात न घेता ते १३ लाख २६ हजार कोटींहून अधिक आहेत. एवढे असूनही पहिला सापडायला घाम फुटतो.

नीलकंठांनंतर मातीच्या कोड्यांकडे येऊ; माती म्हणजे राजाची मात, शेतातली नव्हे. १८१४ साली मुंबईत एक इंग्रजी पुस्तक छापले गेले. लेखक होते तिरुवेंगडाचार्य शास्त्री. त्यांच्या 'विलासमणिमंजरी' या संस्कृत ग्रंथाचे ते इंग्रजी रूप. पुस्तकात मुख्यतः पटावरील अटीतटीच्या स्थिती दिल्या होत्या, आणि त्या युरोपीय रीतीच्या खेळाला जुळवून घेतलेल्या होत्या. हे जुळवून घेणे साधे नव्हते. आपल्याकडच्या जुन्या रीतीत प्यादे पहिल्या चालीत दोन घरे जात नसे, किल्लेकोट नव्हता, त्याऐवजी राजाला शह बसण्यापूर्वी एकदा घोड्याची उडी घेता येई, आणि समोरच्याचा राजा एकटा उरला की 'बुर्जी' होऊन अर्धाच विजय मिळे. शेवटच्या घरात पोचलेले प्यादे, अनेक ठिकाणच्या रीतीनुसार, ज्या मोहऱ्याचे ते घर असेल तेच मोहरे बनत असे. एक नियम बदलला की कोडे मोडते. गृहीतक बदलले की प्रमेय कोसळते, तसेच. म्हणजे शास्त्रीबुवांना प्रत्येक स्थिती नव्या नियमांखाली पुन्हा तपासावी लागली असणार. पेशवाई अजून संपायची होती तेव्हा मुंबईत बसून हे काम एका संस्कृत पंडिताने केले, आणि आज बुद्धिबळ खेळणाऱ्या मराठी माणसांपैकी फार थोड्यांनी त्यांचे नाव ऐकलेले असते. हे आम्हांला खटकते. त्यांची दखल ठळकपणे घेतली ती मरी या इंग्रज इतिहासकाराने, आपल्या १९१३ सालच्या बुद्धिबळाच्या बृहद्-इतिहासात. हे मरी पेशाने शिक्षक, पुढे शाळा तपासनीस.

यानंतर तीस वर्षांनी हिंदुस्थानातूनच निघालेल्या एका कोड्याने सगळ्या युरोपाला चकवले. दिल्लीत राहणारे हेन्री लव्हडे हे पाद्री. त्यांनी 'शागीर्द' या टोपणनावाने चार चालींत मातीचे एक कोडे लंडनच्या बुद्धिबळ मासिकाला पाठवले आणि ते फेब्रुवारी १८४५ मध्ये छापून आले. टोपणनावासाठी शब्द निवडला तोही आपल्याकडचा. आजही जगभर ते 'भारतीय कोडे' म्हणूनच ओळखले जाते.

त्याचा गाभा तेवढा ठेवून, एक चाल कमी करून आम्ही तो इथे देतो. पट काढून मोहरी मांडा, नुसते वाचून हे कळणार नाही. पांढऱ्याच्या डाव्या हातापासून स्तंभांना ए ते एच अशी नावे आणि पांढऱ्याच्या बाजूने ओळींना १ ते ८ असे क्रमांक. पांढरे : राजा बी१, हत्ती डी१, उंट जी२ आणि एच६, प्यादी ए२, बी३, एफ२, जी४. काळे : राजा ई४, घोडा एफ३, प्यादी बी६, बी४, ई५. पांढऱ्याची खेळी, तीन चालींत मात.

काळ्याची अवस्था आधी पाहा. घोडा हलू शकत नाही, कारण त्याच्यामागे राजा आहे आणि समोर जी२ चा उंट टपलेला. राजाला सगळ्या बाजूंनी अटकाव. हलण्यासारखे एकच, बी६ चे प्यादे, आणि तेही एकच घर. ते बी५ वर आले की काळ्याची पूर्ण कोंडी होईल : शह नाही, पण खेळायला चालही नाही. आपल्या आजच्या नियमाने तो डाव बरोबरीत सुटतो. पांढऱ्याला म्हणून काळ्याला मुद्दाम एक वाट मोकळी करून द्यावी लागते, आणि ती अशा ठिकाणी की तिथे गेल्यावर मात व्हावी.

उत्तर असे. पहिली चाल, उंट एच६ वरून थेट सी१ वर, पटाच्या दुसऱ्या टोकाला. पाहणाऱ्याला वाटते हा पळून चालला. काळ्याची चाल सक्तीची, प्यादे बी५. दुसरी चाल, हत्ती डी२. आता हत्ती स्वतःच्याच उंटाच्या आड उभा राहिला आणि एफ४ या घरावरची उंटाची नजर तुटली. काळ्या राजाला श्वास मिळाला. तेवढे एकच घर मोकळे असल्याने तो एफ४ वर जातो. तिसरी चाल, हत्ती डी४. हत्ती बाजूला होताच सी१ चा उंट शह देतो, हत्तीही शह देतो. दोन्हीकडून शह असल्यामुळे ई५ च्या प्याद्याने किंवा घोड्याने हत्ती मारून उपयोग नाही, आणि राजाला जायला घर नाही. मात.

पहिल्या चालीतले मर्म ध्यानात घ्या. हत्तीला पुढे डी२ वर यायचे आहे, म्हणून उंटाने ते घर आधीच ओलांडून पलीकडे जाऊन बसायचे. हत्ती अगोदर आला असता तर उंटाची वाटच अडली असती. क्रम महत्त्वाचा. कोहट्झ आणि कॉकेलकॉर्न या दोन जर्मन रचनाकारांनी १९०३ साली या एकाच कोड्यावर एक पुस्तक लिहिले, आणि त्यातून कोडी रचण्याचा एक नवा संप्रदाय उभा राहिला. एका चालीमागे एकच हेतू असावा आणि तो शुद्ध असावा, असे या संप्रदायाचे म्हणणे. प्रयोगशाळेत एका वेळी एकच घटक बदलायचा, हा आमच्या कामातला नियम आठवतो.

अमेरिकेचे सॅम लॉइड (१८४१ ते १९११) हे अगदी वेगळ्या प्रकृतीचे. गंमत, पैज आणि फसवणूक हा त्यांचा प्रांत. डेनिस ज्युलियन नावाच्या त्यांच्या मित्राचा दावा होता की कोणतेही कोडे दाखवा, मात कोणते मोहरे करणार हे मी ओळखतो. लॉइडनी एक स्थिती मांडून उलटे विचारले : यातले मात नक्कीच न करणारे मोहरे कोणते? ज्युलियननी बी२ वरचे, अजून घरातून न हललेले प्यादे दाखवले. पैज जेवणाची होती. तेच प्यादे बी४, सी५, सी६, बी७ असे चालत पाचव्या चालीला ए८ वर पोचते, वजीर बनते आणि पटाच्या तिरप्या टोकाला असलेल्या राजाला मात देते. हे कोडे १८६१ साली छापले गेले तेव्हा लॉइड विशीच्या उंबरठ्यावर होते. आपल्याकडेही प्याद्याने केलेली मात फार मानाची समजत, म्हणून हे कोडे आपल्या आजोबांना आवडले असते. पण एक गंमत आहे. वर सांगितलेल्या जुन्या रीतीप्रमाणे ए८ वरचे प्यादे हत्ती बनेल, आणि ए८ वरच्या हत्तीचा एच१ वरच्या राजाला शहच लागत नाही. लॉइडची पैज आपल्या नियमांनी बुडाली असती.

आमचे सर्वांत आवडते कोडे मात्र रिचर्ड रेटी यांचे, १९२१ सालचे. पटावर फक्त चार मोहरी. पांढरा राजा एच८, पांढरे प्यादे सी६. काळा राजा ए६, काळे प्यादे एच५. पांढऱ्याची खेळी, बरोबरी साधायची.

पाहताक्षणी हे अशक्य वाटते. काळे प्यादे चार चालींत वजीर होणार. पांढरा राजा त्याच्या मागे धावला तर हिशेबाने दोन पावले कमी पडतात. पांढरे प्यादे पुढे ढकलले तर काळा राजा शेजारीच आहे, तो ते खातो. रेटी सांगतात, राजाला तिरपा चालवा : जी७, मग एफ६, मग ई५. प्रत्येक पावलाने तो एकाच वेळी दोन्ही प्याद्यांच्या जवळ जातो. काळे प्यादे एच४ वर आले, आणि मग काळ्याने थांबून राजा बी६ वर आणला, पांढरे प्यादे खाण्यासाठी. पांढरा राजा ई५. आता काळा राजा प्यादे खातो तर पांढरा एफ४, जी३ करत काळ्या प्याद्याला एच२ वर गाठतो. पांढरे प्यादे खायला काळ्याच्या दोन चाली गेल्या, आणि पांढऱ्याला कमी पडत होती ती हीच दोन पावले. काळ्याने प्यादे न खाता एच३ केले, तर पांढरा राजा डी६ वर येऊन आपल्या प्याद्याचा जोर होतो आणि दोघेही वजीर करतात. डाव बरोबरीत.

हे जादूसारखे वाटते, पण त्याचे कारण पटाच्या भूमितीत आहे. फूटपट्टीने मोजले तर तिरपे पाऊल सरळ पावलाच्या सुमारे १.४१ पट. राजाला मात्र दोन्ही सारखीच, एकच चाल. एच८ वरून एच२ ला सरळ जायला सहा चाली. ई५ वरून वळसा घालून गेले तरी चाली सहाच. पायथागोरसचे प्रमेय इथे लागू नाही. राजाचे अंतर म्हणजे ओळींतला फरक आणि स्तंभांतला फरक, यांपैकी जो मोठा तो. नववीच्या वर्गात निर्देशक भूमिती शिकवताना 'अंतर' मोजण्याच्या पद्धती अनेक असू शकतात हे सांगायचे असेल तर रेटींच्या चार मोहऱ्या पुरेत. राजापासून तीन चालींवर असलेल्या सर्व घरांवर खडे ठेवायला सांगा. मुलांना वर्तुळाऐवजी चौरस मिळेल आणि वाद सुरू होईल. तो होऊ द्यावा.

रचनाकारांचे पोट यावर कधीच भरले नाही. ब्रिटनचे कॉमिन्स मॅन्सफील्ड तंबाखूच्या कंपनीत नोकरी करत, आर्मेनियाचे गेन्रिख कास्पर्यान अभियंते होते. कोडी रचण्यासाठी ग्रँडमास्टर ही पदवी १९७२ साली प्रथम दिली गेली तेव्हा पहिल्या चौघांत हे दोघे होते.

आता संगणक आहेत. कोड्यात दुसरे उत्तर निघते का हे पूर्वी महिनोन्‌महिने कळत नसे, वाचकाचे पत्र आले की रचनाकाराचा दिवस वाईट जाई. आज ते काम काही क्षणांत होते. पटावर सात किंवा कमी मोहरी असतील तर प्रत्येक स्थितीचा निकाल मोजून ठेवलेला आहे, त्यामुळे रेटींच्या स्थितीबद्दल शंकेला जागाच नाही. तरी कोडी रचली जात आहेत. अब्जावधी स्थितींतून कोणती माणसाला दाखवावी हे अजून माणूसच निवडतो, आणि आम्हांला वाटते की तपासणीचा जाच कमी झाल्याने रचनाकार अधिक धीट झाले आहेत.

शाळेसाठी विकतचा पट लागत नाही. पुठ्ठ्यावर चौकोन आखावेत, मोहऱ्यांऐवजी तुरीचे दाणे आणि चिंचोके, अक्षरे लिहिलेल्या कागदाच्या चकत्या चालतात. वर्धा शिक्षण परिषद १९३७ साली ज्या गावी भरली तिथल्या शिक्षकांना हाताने करून शिकण्याचे महत्त्व आम्ही काय सांगावे! आठवड्याला एक कोडे फळ्याच्या कोपऱ्यात काढून ठेवावे आणि उत्तर लगेच सांगू नये. मुलाने कोडे स्वतः रचून आणले, तर वर्गातल्या इतरांनी त्यात दुसरे उत्तर शोधायचे.

सुरुवात करायला एक देऊन ठेवतो. चार बाय चारच्या पटावर घोड्याचा फेरा, बंद काय किंवा उघडा काय, होत नाही. का? कोपऱ्यातल्या घोड्याला बाहेर पडायला दोनच वाटा आहेत, आणि समोरच्या कोपऱ्यातल्या घोड्यालाही नेमक्या त्याच दोन. इथून पुढे मुलांना जाऊ द्या.